सात नंबरचा सेट

"चालू करून दाखवल्याबिगर आमी माल देत न्हाई, साहेब," मालनबाई म्हणाली.

व्यंकटराव पुन्हा बाकड्यावर टेकले. ह्या दुकानात त्यांची ही तिसरी खेप. परभणीच्या स्टेशनाजवळचं टीचभर दुकान ते. पोलिसांच्या गाड्यांतले जुने वायरलेस सेट लिलावात उचलायचे, दुरुस्त करायचे आणि साखर कारखान्याच्या गाड्यांसाठी विकायचे, हा धंदा. मालनबाई गिऱ्हाईक सांभाळायची, तिचा नवरा सिताराम मागच्या खोलीत पडद्याआड काम करत बसायचा.

तीन दिवसांत त्या माणसाच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. काही विचारलं की मान हलवायचा, फार तर बोट दाखवायचा. बिचारा मुका असावा, असं व्यंकटरावांनी धरून टाकलं. त्यांना ते सोयीचंही वाटलं. मुका माणूस गावभर सांगत सुटत नाही.

"मला चालू नकोच, बाई. भंगार म्हणून द्या."

"भंगार? ठणठणीत हाय की. ह्यांनी खोलून पाह्यला, आत तारसुद्धा हललेली न्हाई. पण जुन्या चिठ्ठीवर 'नादुरुस्त' लिवलंय. कुणी लिवलं असंल, कुणास ठाऊक."

व्यंकटरावांनी रुमालानं मान पुसली. ती चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती.

अकरा वर्षं झाली. नामांतराच्या दंगलीतली एक दुपार. सात नंबरच्या जीपवर ते वायरलेस ऑपरेटर होते. जीप बाभळीखाली उभी, बाकीचे चहाला गेलेले. सेट वाजला. "सात नंबर, बोला," त्यांनी सवयीनं म्हटलं. पलीकडं कुणी तरणा पोरगा होता. गावच्या चौकीतला शिपाई पळालेला, म्हणून ह्यानंच माईक उचललेला. आमची वस्ती पेटवलीय, गाडी धाडा, म्हणत होता. गाव दोन कोसांवर. पण पेटवणाऱ्यांत व्यंकटरावांचे त्या गावचे सोयरे होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बटण फिरवून सेट बंद केला, चिठ्ठीवर नादुरुस्त म्हणून लिहिलं आणि हात झटकले.

पण असे हात झटकून भागतंय कुठं? पोरगा जळून मेला असणार, ह्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तेव्हापासून घरी रेडिओ लावला की दोन स्टेशनांमधल्या खरखरीत तोच बोलायचा. बायकोनं, सुमनबाईनं, शेवटी रेडिओ भावाला देऊन टाकला. मग तो पंख्याच्या घरघरीत बोलायला लागला, पिठाच्या गिरणीत बोलायला लागला. पेन्शनीत निघालेला माणूस गिरणीवरून जायला भ्यायचा, घ्या. सात नंबरचा सेट लिलावात गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या डोक्यानं एकच घेतलं. हा सेट पूर्णा नदीच्या डोहात टाकायचा, म्हणजे तो पोरगा गप्प होईल. नाहीतर वेड लागून मरायची पाळी आली होती त्यांच्यावर.

"बरं, दाखवा चालू करून," ते म्हणाले. "पण लवकर उरका."

मालनबाईनं सेट त्यांच्यासमोर फळीवर ठेवला, बॅटरीला जोडला. बारका लाल दिवा लागला. "तुमी ह्यावर ऐका. आत दुसरा सेट हाय, त्याच्यावरनं बोलून दाखवतेत. आवाज नीट आला की बांधून देते."

"आतून कोण बोलणार?"

मालनबाईनं त्यांच्याकडं नवलानं पाहिलं.

"कोण म्हंजे? आमचे हेच की."

"ते बोलतात?"

"तर काय मुके हायेत? घरात बोलून बोलून डोकं उठवतेत. तुमी पैल्या दिवशी दारातनं हाक मारलीत, तवापासनं मातर गप झालेत. जेवायलेत कमी, झोप तर न्हाईच. म्या इचारलं, तर म्हणले, आवाज वळखीचा वाटायलाय."

व्यंकटराव जायला उठले. पडदा अर्धा सरकलेला होता. आत सिताराम माईक ओठांशी धरून बसला होता. त्याची नजर त्यांच्यावर होती.

सेट खरखरला.

"सात नंबर," अकरा वर्षं पाठीस लागलेला तोच आवाज फळीवरून आला, "त्या दिशी तुमी बटण फिरवल्यावरबी मी लय येळ बोलत हुतो. आज पुरं ऐकून घ्या."