परत केलेली बादली

कचऱ्याची गाडी स्वतःच्याच दारासमोर थांबवून सून खाली उतरली. ओल्या कचऱ्याची बादली उघडली. आत भाजीची सालं होती, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर गच्च गाठ मारलेली.

हे सासूबाईंचंच काम. भारी टापटिपीची बाई. कचरासुद्धा नीट बांधूनच टाकायची.

नियम सगळ्या गल्लीला पाठ होता. ओल्यात प्लॅस्टिक निघालं की बादली परत. पिशव्या मिसळलेलं खत कुणी शेतावर नेत नाही. मग तो ढीग पेटवतात आणि गावभर धूर. नियम सुनेनेच घालून दिला होता. कालच तिने शेजारणीची बादली परत केली होती, आणि ती शेजारीण आता कमरेवर हात ठेवून दारातून बघत होती.

इकडे आड, तिकडे विहीर. बादली घेतली, तर उद्यापासून गल्लीत तिला कोण जुमानणार? परत केली, तर घरात अबोला, आणि एखाद्या दिवशी 'सोड ते काम' म्हणायलाही सासूबाई कमी करायच्या नाहीत. काम तर तिला मनापासून आवडत होतं.

"आई, ही परत न्यावी लागेल." दारात उभ्या सासूबाईंना तिने सांगितलं, पण आवाज नको तेवढा बारीक निघाला.

"मला सांगतेस?"

"सगळ्यांनाच सांगते ना, आई."

सासूबाईंनी बादली उचलली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवताना त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळीही नाही. सुनेला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गल्लीत शिरली, तर सासूबाई शेजारणीच्या दारात. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत शेजारणीच्या बादलीत. एकेक पिशवी बाहेर येत होती. सुनेचा जीव भांड्यात पडला.

"अहो काकू, दोनच तर पिशव्या आहेत," शेजारीण कुरकुरली. "आणि गाडी तुमच्या सुनेचीच ना? घेईल की ती."

सासूबाईंनी मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मला सोडलं नाही तिनं, तुला सोडेल होय?"