पांढरे गिअर

पौर्णिमाने सर्व्होचे बारीक स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं आणि तिचा हात थांबला.

आत पांढरे गिअर होते, प्लास्टिकचे. मधल्या चाकाचे दात एका बाजूने झिजून सपाट झालेले. तिने बोटाने चाक फिरवून पाहिलं. ते शेजारच्या चाकावरून नुसतंच घसरलं.

दिवाळीत तिने याच सर्व्होत पितळी गिअर बसवले होते. स्वतःच्या हाताने.

सर्व्हो म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाची शेपटी वर-खाली करणारी ही काडेपेटीएवढी मोटर. ती चुकली की विमान नाक खाली घालून जमिनीवर येतं. गेल्या रविवारी वडनेरच्या पडीक वावरात तसंच झालं होतं. वर्ध्याच्या मेळाव्यात क्लबातर्फे कोणी विमान उडवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. तिचं विमान वळणावर गेलं आणि परत वर आलंच नाही. निवड अनुपची झाली. अनुप तिचा नवरा. विमान उडवायला तिला त्यानेच शिकवलं होतं.

"वळणावर तुया हात घाबरते," परत येताना तो समजुतीने म्हणाला होता. तिला ते पटलं होतं. घरी येताच तिने विमान कपाटात कोंडलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि आठवडाभर ते डोळ्यांसमोर येऊ दिलं नाही. काल रात्री जेवताना तिने सांगून टाकलं, मी आता उडवणार नाही, तू घे ते. पडल्यामुळे तुटलेले गिअर बदलून आज विमान नीट करून द्यावं, एवढ्यासाठीच ती बसली होती.

अनुप आंघोळ करून बाहेर आला. टेबलावरचं उघडं झाकण पाहून दारातच उभा राहिला.

"तुले म्हटलं होतं ना, मी करतो म्हणून."

"पितळी गिअर कुठं हायेत?"

तो टॉवेलने मान पुसत राहिला. मग म्हणाला, "माह्या विमानात."

"काऊन?"

"माह्याले आदल्या दिवशी उडवताना झटके लागून राह्यले होते. नवे यायले वेळ होता. मले वाटलं, एका फेरीपुरते पांढरे तुयात टिकून जातीन."

"तुले वाटलं."

"सिलेक्शन होतं, पौर्णिमा."

"माह्यं नव्हतं?"

अनुप जवळ येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत म्हणाला, "मी आत्ता काढून देतो तुये."

"ठेव तुयाजवळच."

तिने चिमट्याने पांढरे गिअर एकेक करून बाहेर काढले. या आठवड्यात आलेल्या नव्या पितळी जोडाची पुडी फोडली. दात दातांत बसवले, काडीने ग्रीस लावलं, झाकण दाबून स्क्रू आवळले. बॅटरी जोडून रिमोटची दांडी मागे ओढली. शेपटी वर गेली. पुढे ढकलली, खाली आली. तिने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. हात जराही कापत नव्हता.

मग ती उठली. ओढणी खांद्यावरून घेऊन तिने गाठ मारली, एका काखेत विमान घेतलं, दुसऱ्या हातात रिमोट.

अनुप तिच्याआधी दाराशी गेला. "कुठं चालली?"

"वावरात."

"थांब, मी येतो. उडवताना विमान हातातून फेकाले कोणी तरी पाहिजे ना."

ती दाराशी त्याच्यासमोर थांबली.

"ते पडलं, तवा सगळ्यायच्या आधी तू पळत गेलता त्याच्याजवळ," ती म्हणाली. "मले वाटलं, माह्यासाठी पळाला."

अनुप दारातून बाजूला झाला.