लाल विमान

त्या जपानी व्हिडिओ गेमचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण कलकत्त्यात ज्याने त्याची एजन्सी घेतली होती, त्याने दुर्गापूजेच्या तोंडावर झोकात जाहिराती काढल्या होत्या. त्यातली एक तर बालीगंजला अनीशच्याच घरी, त्याला आणि धाकट्या सुश्रुतला टीव्हीपुढे बसवून. परवा कुणीतरी ते सगळं यूट्यूबवर टाकलं, न वापरलेल्या तुकड्यांसकट.

आईने चष्मा लावला. "केवढासा होता रे! आणि तू किती सांभाळून घ्यायचास त्याला."

सुश्रुतच्या हातातल्या रिमोटची वायर अनीशने कधी मशीनला जोडलीच नव्हती. "लाल विमान तुझं," एवढं सांगून तो एकटाच खेळायचा आणि सुश्रुत आपला भाबडेपणाने बटणं दाबत बसायचा. एकदा हे त्याला सांगून माफी मागायची, असं अनीश कितीतरी वर्षं ठरवत होता. गेल्या मार्चमध्ये सुश्रुतच गेला आणि ते राहूनच गेलं.

शेवटचा तुकडा सुरू झाला. कॅमेरामन "हाशो, हाशो" करत दोघांना हसवत होता. अनीश खेळण्यात गुंग होता. सुश्रुतने सहज खाली पाहिलं, तर वायरचं टोक मोकळंच पडलेलं. त्याने एकदा दादाकडे बघितलं, ते टोक हळूच सतरंजीखाली सरकवलं आणि जोरजोरात बटणं दाबत ओरडला, "दादा, माझं लाल विमान बघ!"