दार बंद करून साक्ष

"म्हाळू एकटाच हाय का मेंढरांपाशी?" राधाकिशननं अगदी आपुलकीनं विचारलं.

नवऱ्याचं नाव त्याच्या तोंडून ऐकताच कडूबाई बाकाच्या टोकाला सरकली. अंबाजोगाईच्या कोर्टाच्या व्हरांड्यात निम्मं गाव आलं होतं, आणि हा दूध सोसायटीचा सेक्रेटरी नेमका तिच्याच बाकावर येऊन टेकला होता.

"पाऊस न्हाई, पाणी न्हाई. माळावर एकट्या माणसाचं लई अवघड असतंय, वैनी," असं म्हणून तो उठला.

याच गावानं कडूबाईच्या मेंढपाळ कुटुंबाला खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. दुष्काळात सोसायटीच्या विहिरीवर मेंढरं पाजली म्हणून याच गावानं त्यांची पालं जाळली. चेअरमन सुंदरराव आणि त्याच्या दोन पुतण्यांनी कडूबाईवर भर दुपारी, विहिरीच्या काठावर बलात्कार केला. गाव कडं करून उभं होतं.

पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि शिपायाला दार लावायला सांगितलं. कायदाच तसा; बाईची अब्रू चारचौघांत पुन्हा उघडी पडू नये म्हणून. सासू तुळजाबाईलाही बाहेर जावं लागलं. आत उरले वकील, पोलीस आणि पिंजऱ्यातले तिघं. सुंदरराव मिशीत हसत होता.

कडूबाईला वाटलं, तोंड मिटून घ्यावं. आज गप्प बसलं तर संध्याकाळी म्हाळू धडधाकट दिसेल तरी.

"दार उघडा, बाईसायब," ती म्हणाली.

"अहो, हे तुमच्याच भल्यासाठी आहे."

"त्या दिशी समद्या गावानं बघितलं. आज त्यायला ऐकू बी द्या."

न्यायाधीशबाईंनी शिपायाकडं बघून मान हलवली.

दार उघडलं तशी बाहेरची कुजबुज थांबली. कोणी स्वतःच्या चपला न्याहाळू लागलं, कोणाला एकदम लघवी लागली. आत यायला मात्र गावातलं कोणी पाऊल उचलेना. एकटा राधाकिशन तेवढा आला. पहिल्या बाकावर बसला आणि मोबाईल मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत राहिला.

कडूबाईनं हात उचलून त्याच्याकडं बोट केलं.

"माझे पाय ह्यानं धरले व्हते. पोलिसांनी ह्याचं नाव लिवलंच न्हाई. आता लिवा."