हिरडीत घुसलेला दात

समोरचे दात खाली चार, वर तीन. डॉक्टर हेल्मीने पुन्हा मोजले. वर तीनच. चौथ्याच्या जागी सुजलेली हिरडी आणि वाळलेलं रक्त.

दीड वर्षांचा ओन्नी जीव तोडून रडत होता. पाय तौनो आजोबांच्या मांडीवर, डोकं हेल्मीच्या.

"दात बर्फात पडलाय," आजोबा म्हणाले. "घसरगाडी मीच रेटत होतो. तोंड दांड्यावर आपटलं. घरचे सगळे चाळण्या घेऊन अंगण चाळतायत. सापडला की दुधात घालून आणतील."

हेल्मीने एक्स-रे काढला. "थांबवा त्यांना. दात इथेच आहे, वर घुसलाय. आणि पडला असता तरी दुधाचा दात परत बसवत नाहीत. मागे पक्क्या दाताचा कोंब असतो, त्याला इजा होते."

"मग ओढ खाली!"

"नाही."

"निदान काढून तरी टाक."

"नाही. मूळ ओठाकडे वळलंय, कोंबाला धक्का नाही. दात आपणहून खाली येईल. बहुतेक."

"बहुतेक? सहा वर्षं शिकलीस ती हातावर हात धरून बसायला?"

"साडेपाच," हेल्मी म्हणाली. असा एकही दात खाली आलेला तिने स्वतः पाहिला नव्हता. फक्त वाचलं होतं. तिने दात उपटायचा चिमटा मुद्दाम लांब सरकवला. "आणि बसायचं नाहीये, आजोबा. रोज दोनदा मऊ ब्रशने नेमकं इथेच घासायचं. चोखणी बंद."

"दुखेल त्याला."

"दुखेल. नाही घासलं तर पिकेल. याची आई घासेल ना?"

 आजोबांनी बाह्या वर सारल्या.

"पाडलं मी, घासणारही मीच. दाखव, कसं धरायचं."

तिने दाखवलं. त्यांच्या जाडजूड अंगठ्याने ओठ अलगद उचलला. ओन्नी किंचाळला, आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठा मात्र हलला नाही.

पाचव्या आठवड्यात ओन्नी पुन्हा दोघांच्या मांड्यांवर आडवा झाला. ओठ आजोबांनीच उचलला, कुणी न सांगता. हिरडी गुलाबी होती.

"बोल की पोरी," ते म्हणाले.

हेल्मीने मापाच्या खुणांची बारीक सळई दाताला टेकवली, दिवा जवळ ओढला आणि पुन्हा एकदा टेकवली.

दात दीड मिलिमीटर बाहेर.