उतरलेली काच

वामन डोंगरवारच्या गॅरेजात गाडी शिरली तेव्हा तिची डावी काच पूर्ण खाली होती. कारागीर हातातले पाने टाकून बघतच राहिले. बाहेरची हवा श्वास घेण्याजोगी असल्याशिवाय गाडी काच उतरवत नाही, आणि या गावात गेल्या नऊ वर्षांत एकही काच उतरली नव्हती.

"सिग्नलला आपोआप उतरली हो!" गाडी चालवत आलेल्या सुलभाताई उतरता उतरता म्हणाल्या. "आईचा मास्क काढलाच मी लगेच."

मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई खिडकीबाहेर तोंड काढून हसत होती, मधूनच खोकत होती.

वामननं काचेची मोटर पाहिली, स्विच पाहिला. दोन्ही ठणठणीत. मग त्यानं बंपरमागचा हवेचा सेन्सर उघडला. उंदरानं त्याची वायर कुरतडली होती. सेन्सरकडून काहीच येईना, म्हणून गाडीनं बाहेरचं विष शून्य धरलं होतं.

"ताई, आधी आईंना मास्क लावा. हवा तीच आहे," तो म्हणाला, आणि हनुवटीखाली गेलेला स्वतःचा मास्क त्यानं गुपचूप वर ओढला.

सुलभाताई फाटकाकडे बघत होत्या. उतरलेली काच पाहून सिग्नलपासून मागोमाग आलेली माणसं तिथं पोरंबाळं कडेवर घेऊन उभी होती. एकाच्याही तोंडावर मास्क नव्हता.