फक्त बसून राहायचं

"आई, मुंबई ते टोरंटो साडेबारा हजार किलोमीटर आहे. सगळं धरून बावीस तास लागतात. मध्ये विमान बदलायचंय आणि तुला इंग्रजी येत नाही. व्हीलचेअर सांगितलीय, ते लोकच तुला दुसऱ्या विमानात नेऊन बसवतील. तू फक्त बसून राहायचं," मुलाने फोनवर बजावलं होतं.

साताऱ्यात रोज सकाळी अजिंक्यतारा चढून उतरणाऱ्या विमलबाई मुंबईपासून मुकाट बसून राहिल्या. धडधाकट बाईने खुर्चीतून मिरवायचं म्हणजे लाजच. येणाऱ्याजाणाऱ्यांना दुखणं खरं वाटावं म्हणून त्या अधूनमधून गुडघा चोळत होत्या.

मधल्या विमानतळावर खुर्च्या दोन आणि ढकलणारा माणूस एकच निघाला. शेजारच्या खुर्चीतल्या पंजाबी आजींचे पाय खरोखरच सुजलेले होते. दोघींचं विमान एकच, आणि ते सुटायला आलेलं. माणसाने विमलबाईंची खुर्ची धरली आणि आजींना हातानेच थांबायची खूण केली. आजी रडायलाच लागल्या.

विमलबाई उठल्या. आपली पिशवी त्यांनी रिकाम्या खुर्चीत ठेवली, पदर खोचला आणि आजींची खुर्ची ढकलत त्या माणसाला मराठीतच म्हणाल्या, "चल रे बाबा पुढं, रस्ता दाखव."

टोरंटोला मुलगा बाहेर येणाऱ्या प्रत्येक खुर्चीत आईला शोधत होता. ती एका खुर्चीच्या मागे दिसली.

"आई! अगं, तुला बसून राहायला सांगितलं होतं ना?"

"साडेबारा हजार किलोमीटर बसूनच आले की! चालले ते एवढंच."